प्रवासबंदी आणि प्रवाशाचा पैसा

सार्वजनिक संकट आले म्हणजे राज्यकर्त्यांची बुद्धी, व्यापाऱ्याची नीती आणि प्रजेची सहनशीलता ह्या तिन्हींची परीक्षा एकाच वेळी होते. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा प्रजा आपल्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, असे आमचे मत आहे. दारे लावून घ्या म्हटल्यावर तिने दारे लावली, तोंडे बांधा म्हटल्यावर तोंडे बांधली, लग्ने पुढे ढकलली, आप्तांच्या अंत्यदर्शनासही ती मुकली. उरलेल्या दोघांच्या परीक्षेचा निकाल मात्र कोणी लावला नाही. आणि 'साथ ओसरली, आता जुनी उणीदुणी कशास काढावयाची?' ह्या सबबीवर तो कायमचाच दडपला जाईल असा रंग दिसतो. तो लावण्याचे अप्रिय काम, निदान एका विषयापुरते, आम्ही आज हाती घेत आहो. तो विषय म्हणजे बंद पडलेल्या विमानांच्या तिकिटांचे पैसे.

विषयाचे नाव ऐकून काही वाचक नाक मुरडतील हे आम्हांस ठाऊक आहे. माणसे पटापट मरत होती तेथे तिकिटांच्या पैशांची रड कसली, असे ते म्हणतील. आमचे उत्तर असे की, ही रड त्या वेळी कोणी केली नाही म्हणूनच ती आज करणे भाग आहे. घराला आग लागली असता मनुष्य पोरेबाळे आधी बाहेर काढतो, भांड्याकुंड्यांकडे पाहत नाही, हे योग्यच होय; परंतु त्या धांदलीत ओसरीवरची भांडी कोणी उचलून नेली, तर आग विझल्यावर त्याचा झाडा घेऊ नये असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? आमचे म्हणणे दोन वाक्यांत सांगता येण्यासारखे आहे. साथीच्या काळात प्रवास बंद करण्याचा सरकारचा अधिकार आम्हांस संपूर्णपणे मान्य आहे. त्या बंदीचे मोल एकट्या प्रवाशाकडून वसूल करण्याचा अधिकार मात्र सरकारचाही नाही आणि कंपनीचाही नाही.

हा प्रश्न पिंपरी-चिंचवड ते चाकण ह्या कारखान्यांच्या पट्ट्यात आम्ही विशेषेकरून मांडतो, ह्याचे कारण उघड आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी औषध कंपनी निघाली. पुढे टाटांचा मोटारींचा कारखाना आला, आकुर्डीस बजाजांचा आला. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चाकणच्या माळावर महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीझ अशी नावे उभी राहिली. ह्या पट्ट्यात विमान ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. येथला इंजिनियर यंत्र पाहावयास जर्मनीस जातो, तेथला कारागीर ते बसवून द्यावयास इकडे येतो. निगडी-प्राधिकरणातील निवृत्त मंडळी मुलीच्या बाळंतपणासाठी सातासमुद्रापलीकडे जाऊन सहा महिने राहतात. बिहारातून वा उत्तर प्रदेशातून आलेला कुशल कामगारदेखील आईच्या दुखण्याची वार्ता आली म्हणजे प्रसंगी उसनवारी करून विमानाने गावी धावतो. आणि इतके असूनही ह्या पट्ट्यास स्वतःचा विमानतळ नाही. चाकणजवळ विमानतळ होणार, असे वर्षानुवर्षे ऐकू येत होते. २०१६ साली त्याची जागा पुरंदराकडे गेली. लोहगावचा तळ मुळात वायुसेनेचा. त्यामुळे परदेशी जावयाचे तर बहुधा घाट उतरून मुंबई गाठावी लागते. म्हणजे साथीच्या काळी येथील प्रवाशास एक नव्हे तर दोन दरवाजे बंद होते: एक आकाशाचा आणि दुसरा जिल्ह्याच्या सीमेचा. विमान सुटावयाचे असले तरी जिल्हा ओलांडण्यास ई-पास हवा, ही अट महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० उजाडेपर्यंत चालू होती.

साथीच्या कायद्याची ओळख चिंचवडच्या लोकांस करून देण्याची गरज नसावी. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत व पाठोपाठ पुण्यात प्लेग शिरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. त्याच्या जोरावर पुण्यात ज्या घरझडत्या झाल्या त्यांच्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. आणि ती झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. त्या कृत्याची चर्चा येथे कर्तव्य नाही. ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच की, तोच कायदा १२३ वर्षांनंतर, १३ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्र सरकारने पुन्हा बाहेर काढला. कायदा अगदी आटोपशीर, मुळात अवघ्या चार कलमांचा. रेल्वेने अथवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करावी, संशयितांस वेगळे ठेवावे, हा अधिकार त्यात आहे. सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावा चालणार नाही, हे अभयही आहे. परंतु दुसऱ्या कलमाच्या पहिल्याच वाक्याच्या शेपटास आणखी एक गोष्ट आहे, तिजकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ह्या उपायांपायी जो खर्च होईल तो, काही नुकसानभरपाई द्यावयाची असल्यास तीसुद्धा धरून, कोणी व कोणत्या रीतीने सोसावा हे ठरविण्याचा अधिकारही त्याच वाक्याने सरकारास दिलेला आहे!

वाचकांनी ह्यातील मर्म पाहावे. ज्या परकीय सरकारास आपण जुलमी म्हणून नावे ठेवली, त्याच्या कायदेपंडितांसही इतके कळत होते की, लोकांच्या हितासाठी कोणाचे नुकसान करणे भाग पडले, तर ते नुकसान कोणी सोसावे हा प्रश्न आपोआपच उभा राहतो. त्यांनी तो सोडविला नाही, हे खरे. पण निदान कागदावर लिहून ठेवला. २०२० साली आमच्या स्वकीय सरकारांनी त्या वाक्याचा पूर्वार्ध मोठ्या हिरिरीने अंमलात आणिला आणि उत्तरार्ध वाचण्यापूर्वीच पुस्तक मिटले. २२ एप्रिल २०२० रोजी ह्याच कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती झाली. वैद्यकीय सेवकांवर हात टाकणाऱ्यास शासन करावे, हा तिचा मुख्य हेतू होता, व तो स्तुत्यच होता. तिच्याच पोटात विमानांच्या तपासणीचा अधिकारही घालून घेतला गेला. १८९७ साली विमानेच नव्हती, तेव्हा तोही योग्यच. परंतु विमान तपासावयाचे ज्या लेखणीस सुचले, तिला त्याच विमानात आगाऊ पैसे भरून बसलेल्या माणसाचे मात्र स्मरण झाले नाही.

आता घडले काय ते क्रमाने पाहू. ९ मार्च २०२० रोजी पुण्यास दुबईहून परतलेल्या प्रवाशांत महाराष्ट्रातील पहिले रुग्ण सापडले, आणि त्याच आठवड्यात पिंपरी-चिंचवडातही रोग आढळला. २२ मार्चपासून परदेशांशी नियमित विमानवाहतूक बंद झाली. २५ मार्चपासून देशातील झाली. ही बंदी प्रथम थोड्या दिवसांची म्हणून आली आणि पंधरवड्या-पंधरवड्याने लांबत गेली. १४ एप्रिलनंतर विमाने सुटतील अशा भरवशावर कंपन्यांनी तिकिटे विकली. मग बंदी ३ मेपर्यंत गेली. मग आणखी पुढे. २५ मे रोजी देशातील विमाने सुरू झाली खरी, परंतु मुंबईस किती विमाने उतरू द्यावयाची ह्यावर राज्य सरकारचा होकार आदल्या दिवशी रात्री मिळाला. तोवर तिकिटे केव्हाच विकली गेली होती, आणि पहिल्याच दिवशी ठिकठिकाणच्या प्रवाशांस विमानतळावर जाऊन आपले विमान रद्द झाल्याचे वर्तमान ऐकावे लागले. परदेशची नियमित वाहतूक तर २७ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, बंदच राहिली. मधल्या काळात विशेष विमाने व निवडक देशांशी केलेले करार ह्यांवर काम भागविले गेले.

इतक्या विमानांच्या तिकिटांचे पैसे कोठे गेले? ते कंपन्यांकडे राहिले. प्रवाशास पैसे परत देण्याऐवजी बहुतेक कंपन्यांनी त्याच्या नावे तेवढी रक्कम आपल्याच वहीत जमा दाखविली. हिला 'क्रेडिट शेल' असे भारदस्त नाव देण्यात आले. शेल म्हणजे कवच अथवा शिंपला. आणि नाव तर फारच समर्पक पडले, कारण प्रवाशाच्या हाती शिंपला आला व मोती कंपनीपाशी राहिला. ह्या जमेवर अमुक मुदतीत, त्याच कंपनीच्या विमानाने, त्या दिवशीचा जो दर असेल त्या दराने प्रवास करावा. न केल्यास जमा बुडाली! सत्तरीच्या जोडप्याने मुलाकडे जाण्यासाठी काढलेले तिकीट असो, मोडलेल्या लग्नाचे असो, की ज्याच्या भेटीस जावयाचे तो इहलोकी राहिलाच नाही त्याच्या भेटीचे असो, सर्वांस औषध एकच.

ह्यावर सरकारने काय केले? १६ एप्रिल २०२० रोजी नागरी विमानवाहतूक खात्याने एक फर्मान काढले. २५ मार्च ते १४ एप्रिल ह्या बंदीच्या काळात ज्यांनी ३ मेपर्यंतच्या प्रवासाची तिकिटे काढली असतील, त्यांस मागणी केल्यास काहीही कापून न घेता तीन आठवड्यांत पूर्ण पैसे मिळावे, असा त्याचा मथितार्थ. ठीक. परंतु ज्याने जानेवारीत किंवा फेब्रुवारीत, बंदीचे नावही निघालेले नसताना, सरळ मनाने पैसे भरले होते, त्याचे काय? त्याच्याविषयी फर्मान मुके! म्हणजे बंदी चालू असताना तिकीट काढण्याचे साहस ज्याने केले त्यास संरक्षण, आणि ज्याने वेळेवर, विचारपूर्वक, काटकसरीने तिकीट काढले तो वाऱ्यावर. दूरदर्शीपणास दंड आणि उतावीळपणास बक्षीस देणारा असा न्याय आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

हा उफराटा न्याय सुलट करावयास सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि गेले कोण? तर 'प्रवासी लीगल सेल' ही खाजगी संस्था. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला. बंदीच्या काळात बंदीच्याच काळासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे तत्काळ परत द्यावे. आधी काढलेल्या तिकिटांचे पंधरा दिवसांत द्यावे. कंपनी आर्थिक अडचणीत असल्यास ३१ मार्च २०२१ पर्यंत जमा चालू ठेवावी, ती दुसऱ्यासही देता यावी. रद्द झाल्या दिवसापासून ३० जून २०२० पर्यंत दरमहा शेकडा अर्धा व त्यानंतर दरमहा शेकडा पाऊण ह्या प्रमाणे तिचे मोल वाढावे. आणि मुदतीअखेर जे उरेल ते रोख परत करावे. ह्या निकालाबद्दल न्यायालयाचे आभारच मानले पाहिजेत. जमेवर वाढ द्या असे म्हणण्यात न्यायालयाने एक गोष्ट न बोलता कबूल केली: ही रक्कम म्हणजे कर्ज होते. आणि जे कर्ज ऋणकोने धनकोस न विचारता, मुदत स्वतः ठरवून, तारण न देता घेतलेले असते, त्यास साध्या मराठीत काय म्हणतात? आमच्या आजोबांच्या काळी सावकार बदनाम होता. पण तो कुळास पैसे देऊन मग व्याजासाठी छळी. येथे कुळाचेच पैसे घेऊन कुळासच ताटकळत ठेवण्याची नवी सावकारी निघाली!

विरुद्ध पक्षाचे जे म्हणणे आहे त्याचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, सर्वांचे पैसे एकदम परत केले असते तर विमान कंपन्या बुडाल्या असत्या, आणि मग साथीनंतर विमाने कोणाची उडाली असती? हा आक्षेप पोकळ नाही. विमाने जमिनीवर उभी असली तरी त्यांचे भाडे, नोकरांचे पगार व तळांचे आकार चुकत नाहीत. परंतु विमानवाहतूक जगविणे राष्ट्रास अवश्य असेल तर ते राष्ट्राने जगवावे. सरकारने कंपन्यांस उघडपणे कर्ज द्यावे, हमी द्यावी, अंदाजपत्रकात त्याचा आकडा दाखवावा, व लोकसभेने त्यावर बोलावे. हा मार्ग सोडून ज्यांची तिकिटे योगायोगाने त्या महिन्यांतली होती त्यांच्याच खिशातून हे राष्ट्रकार्य का व्हावे? शिवाय धनकोची स्थिती काय होते तेही पाहा. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने उतरली ती उतरलीच. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा आश्रय घेतला, व जानेवारी २०२५ मध्ये ती कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला. अशा वेळी बँकांपाशी तारण असते. आगाऊ पैसे भरलेल्या प्रवाशापाशी आरक्षणाचा क्रमांक असतो, आणि तो घेऊन त्याने धनकोंच्या लांबलचक रांगेच्या शेवटी उभे राहावयाचे असते. बँक ज्या कंपनीस तारणाशिवाय एक रुपया देणार नाही, तिला प्रवाशाने बिनतारणी कर्ज द्यावे ही अपेक्षा करणारे लोक एक तर फार भोळे असले पाहिजेत किंवा फार हुषार.

दुसरा आक्षेप असा की, ही दैवी आपत्ती होती, कंपनीचा त्यात दोष काय? दोष नाही, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. परंतु प्रश्न दोषाचा नाही, पैशांचा आहे. १८७२ च्या करार कायद्याचे ५६ वे कलम सांगते की, करार केल्यानंतर तो पार पाडणे अशक्य झाले तर तो करार शून्यवत होतो. येथवर कंपन्यांचे वकील मोठ्याने वाचतात. परंतु त्याच पुस्तकात पुढे ६५ वे कलम आहे, आणि ते म्हणते की, करार असा शून्यवत झाल्यावर ज्याने त्यापासून काही लाभ घेतला असेल त्याने तो परत केला पाहिजे अथवा त्याची भरपाई केली पाहिजे. दैवी आपत्ती मनुष्यास वचनातून सोडविते. वचनापोटी घेतलेली रक्कम ती त्यास बक्षीस देत नाही. मांडववाल्याचा मांडव वादळाने उडाला, तर मांडव घातला नाही म्हणून त्यास कोणी तुरुंगात टाकणार नाही. पण पुढच्या लग्नास बघू म्हणून इसार दाबून बसला, तर गावातले पंच त्याची गय करणार नाहीत. विमान कंपनीस गावच्या मांडववाल्याहून मोठी सूट कशासाठी?

तिसरा आक्षेप आमच्याच वर्गातील सज्जन घेतात, व तो आम्हांस सर्वांत अधिक बोचतो. चाकणचा आणि भोसरीचा मजूर डोक्यावर बोचके व कडेवर मूल घेऊन शेकडो मैल चालत निघाला होता, त्या वर्षी तिकिटवाल्यांनी रडावे काय? त्या मजुराच्या दुःखापुढे आमचे दुःख धुळीइतके आहे, ह्यात वाद नाही. त्याच्यासाठी विशेष रेल्वेगाड्या १ मे २०२० पासून सुटू लागल्या, म्हणजे पाच आठवडे तो रस्त्यावर होता, ही लाज कोणत्याही परताव्याने धुऊन निघणार नाही. पण ह्यापासून निष्कर्ष कोणता काढावयाचा? मोठा अन्याय झाला म्हणून लहान अन्याय न्याय ठरत नाही. दोहोंच्या मुळाशी विचार एकच होता: हुकूम आपण काढावा, त्याचे ओझे ज्याचे त्याने वाहावे. मजुराने ते पायांनी वाहिले, प्रवाशाने पैशांनी. शिवाय ज्या रेल्वेस आपण उठल्यासुटल्या दूषणे देतो, तिने २१ मार्च २०२० पासून रद्द केलेल्या गाड्यांच्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत केले, व खिडकीवर काढलेल्या तिकिटांसाठी मुदतही अनेक महिन्यांनी वाढविली. रेल्वेचे उत्पन्न त्या दिवसांत थांबले नव्हते काय? तरीही तिने 'शिंपला' वाटला नाही. तेव्हा हे करता येण्यासारखे नव्हते, असे कोणी म्हणू नये.

परदेशांत काय झाले ह्याची एक गोष्ट सांगतो; ती ऐकून अभिमान वाटावा की शरम, हे ज्याचे त्याने ठरवावे. अमेरिकेच्या परिवहन खात्याने ३ एप्रिल २०२० रोजीच सर्व कंपन्यांस बजावले की, विमान तुम्ही रद्द केले असेल तर साथ असो वा नसो, पैसे परत द्यावेच लागतील. ह्या आज्ञेचा बोज पुढे राखला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या खात्याने सहा कंपन्यांविरुद्ध निर्णय जाहीर केले, त्यांत आमची एअर इंडिया होती. तिला १२ कोटी १५ लाख डॉलरचा परतावा करावा लागला, आणि विलंबाबद्दल १४ लाख डॉलरचा दंड झाला. ज्या काळातील तक्रारींबद्दल हे झाले त्या काळी एअर इंडिया टाटांकडे जावयाची होती; ती भारत सरकारच्या मालकीची होती! भारत सरकारच्या कंपनीने प्रवाशांचे पैसे वेळेवर द्यावे, हे भारत सरकारने सांगितले नाही; ते वॉशिंग्टनहून सांगावे लागले.

येथवर आम्ही बंद पडलेल्या विमानांविषयी बोललो. परंतु जी विमाने उडाली त्यांच्या प्रवाशांचेही बरेच नुकसान झाले, आणि ते केले वरचेवर बदलणाऱ्या नियमांनी. नोव्हेंबर २०२१ चा अखेरचा आठवडा घ्या. २६ तारखेस केंद्र सरकारने जाहीर केले की, १५ डिसेंबरपासून परदेशची नियमित वाहतूक सुरू होईल. लोकांनी तिकिटे पाहावयास सुरुवात केली. त्याच दिवशी ओमायक्रॉनचे नाव जगास कळले. ३० तारखेस महाराष्ट्र सरकारने केंद्राहून कडक नियम काढले. १ डिसेंबरास केंद्राने राज्यास लिहिले की नियम आमच्याशी जुळवून घ्या, व त्याच दिवशी १५ डिसेंबरचा बेतही रद्द केला. २ डिसेंबरास राज्याने आपले नियम बदलले. एका आठवड्यात चार वेळा वारा फिरला. फ्रँकफर्टहून निघताना जो नियम होता तो मुंबईस उतरताना असेलच ह्याची खात्री कोणास देता येत नव्हती. आणि प्रत्येक बदलागणिक चाचणीचा खर्च, विलगीकरणाच्या हॉटेलचा खर्च, तारीख बदलण्याचा आकार, हे सर्व प्रवाशाच्या माथी.

बरे, एवढे करून रोग तरी अडला काय? पिंपरी-चिंचवडात ५ डिसेंबर २०२१ रोजी एकाच कुटुंबातील सहा जणांस ओमायक्रॉन झाल्याचे जाहीर झाले. त्यांतील काही जण २४ नोव्हेंबर रोजी नायजेरियाहून आले होते. आणि नायजेरिया तेव्हा 'जोखमीच्या' देशांच्या यादीत नव्हताच. त्या कुटुंबास आम्ही बोल लावीत नाही. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. आमचा बोल यादीला आहे. रोग याद्या वाचून प्रवास करीत नाही. यादी नेहमी एक पाऊल मागे असणार, हे ज्यास कळते तो तिच्या प्रत्येक बदलाचा दंड सामान्य माणसाकडून वसूल करण्यापूर्वी दहादा विचार करील.

आणि हा यादीचा जाच परदेशांनी आमच्यावरही केला. पुण्याच्या सीरम संस्थेने केलेल्या लशीच्या पेट्या १२ जानेवारी २०२१ रोजी लोहगावच्या विमानतळावरून देशभर गेल्या. पण त्याच वर्षी जुलैत युरोपाने प्रवासाचे जे प्रमाणपत्र काढले, त्याच्या मूळ यादीत सीरमच्या कोविशील्डचे नाव नव्हते. तीच लस युरोपात झालेली असली म्हणजे मात्र चाले! सप्टेंबरात इंग्लंडने भारताच्या प्रमाणपत्रावर शंका घेतली. भारताने ४ ऑक्टोबरपासून इंग्रज प्रवाशांस तोच न्याय लावला. आणि एका आठवड्यात, ११ ऑक्टोबरपासून, इंग्लंडचे मत पालटले. ह्यावरून एक बोध घेण्यासारखा आहे. जेथे सरकारने आपल्या प्रवाशाची बाजू खमकेपणाने घेतली, तेथे दुसऱ्या देशाचे सरकारही आठ दिवसांत वळले. मग आपल्याच देशातील कंपन्या वळविणे अशक्य होते, हे कोणी कसे मानावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर अखेर सरकारनेच दिले आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांपायी इंडिगोचे वेळापत्रक कोसळले व हजारो विमाने रद्द झाली. तेव्हा केंद्र सरकारने ६ डिसेंबर रोजी भाड्यांवर मर्यादा घातली, आणि रद्द विमानांचे सर्व पैसे ७ डिसेंबरच्या रात्री आठ वाजेपर्यंत परत झाले पाहिजेत असा हुकूम केला. तारीख दिली, घटका दिली, आणि परताव्याच्या रकमा भराभर बाहेर पडू लागल्या. २०२० साली ज्या कामास सहा महिने, एक खटला व त्यापुढे आणखी सहा महिन्यांची मुदत लागली, त्यास २०२५ साली दोन दिवसांची आज्ञा पुरली. दोन्ही प्रसंगांत भेद आहे, हे आम्ही जाणतो: पहिल्यात सर्वच कंपन्या बुडत होत्या, दुसऱ्यात एकीचीच अव्यवस्था होती. पण ह्यावरून एवढे निर्विवाद ठरते की, हुकुमाची भाषा सरकारास येते. ती केव्हा बोलावयाची हाच काय तो प्रश्न.

तो प्रश्न पुढची साथ येण्यापूर्वीच सोडविला पाहिजे. १९३४ चा विमानांचा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून त्या जागी नवा अधिनियम आला. म्हणजे कायदे दगडावर कोरलेले नसतात. आमच्या मागण्या चारच आहेत. पहिली: ज्या हुकुमाने प्रवास बंद होईल, त्याच हुकुमात, त्याच पानावर, तिकिटाचे पूर्ण पैसे किती दिवसांत व कोणी परत करावयाचे हे लिहिलेले असावे, आणि तिकीट केव्हा काढले ह्यावरून त्यात भेद नसावा. दुसरी: पैशांऐवजी जमा घ्यावयाची की नाही, हे प्रवाशाने ठरवावे, कंपनीने नव्हे. तिसरी: आगाऊ घेतलेले भाडे विमान उडेपर्यंत वेगळ्या खात्यात राहावे, म्हणजे कंपनी बुडाली तरी प्रवासी बुडणार नाही. चौथी: प्रवासाचे नियम केंद्राने व राज्याने मिळून एकच काढावे, ते लोकांच्या भाषेत असावे; वाटेत असलेल्या प्रवाशास जुनाच नियम लागू व्हावा, आणि तसे न जमल्यास नव्या नियमाचा खर्च तो नियम काढणाऱ्याने सोसावा. ह्यांत कोणावरही कृपा करा अशी याचना नाही. १८९७ च्या कायद्यात जो अर्धा प्रश्न लिहून ठेवलेला आहे त्याचे उत्तर लिहा, एवढेच आम्ही म्हणतो.

शेवटी चार शब्द आमच्याच वर्गास. आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक अन्यायाबद्दल घरात फार बोलतो आणि बाहेर फार थोडे. पाच-दहा हजारांसाठी कोण भांडत बसणार, असे म्हणून किती जणांनी आपली जमा बुडू दिली असेल! परंतु असा प्रत्येक सोडून दिलेला रुपया हा औदार्याचा नसून पुढच्या वेळच्या अन्यायास दिलेला इसार असतो. ह्या पट्ट्यात कारखानदारांची मंडळे आहेत, कामगारांच्या संघटना आहेत, गृहनिर्माण संस्था तर गल्लोगल्ली आहेत. त्यांनी आपल्या आमदार-खासदारांस ह्या चार मागण्या लेखी विचाराव्या व उत्तरही लेखीच घ्यावे. साथ पुन्हा येईल तेव्हा आम्ही पुन्हा दारे लावून घेऊ, त्यास आमची ना नाही. पण दार लावण्यापूर्वी, आमचे जे बाहेर राहिले आहे ते कोण आणि कधी परत आणून देणार, हे विचारून घेण्याचा आमचा हक्क आहे. आणि तो विचारण्याची वेळ साथीत नसून आजच आहे.